इअरफोन चांगलाच होता, माझा डावा कान वेगळा निघाला

हा रिव्ह्यू मी खरं तर शिव्या घालायला लिहायला घेतला होता. तीन आठवडे कुठला स्वर किती जोरात वाजतो त्याचे ग्राफ बघितले, व्हिडिओ बघितले, कोणाचा ड्रायव्हर (म्हणजे आत बसवलेला, आवाज काढणारा भाग) किती मिलिमीटरचा ते पाठ झालं, आणि शेवटी एक वायरवाली जोडी घेतली जिच्याबद्दल जो तो म्हणत होता की बेस ऐकून डोकं हलेल. आणली, कानात घातली, आणि आवाज कसा, तर रिकाम्या पत्र्याच्या डब्यात कोणी रेडिओ ठेवलाय तसा. खर्ज नाहीच. तबल्याचा डग्गा वाजतोय हे आधीपासून माहीत होतं म्हणून कळलं, ऐकू काही आला नाही. गाणारी बाई नाकात गातेय, झांजा टाचणीसारख्या टोचतायत. अर्धं पान लिहून पण ठेवलं होतं, पैसे पाण्यात वगैरे, एक स्टार.

ते टाकलं नाही हे नशीब. त्याच रात्री पडल्या पडल्या ऐकत होतो, कुशीवर वळलो, डावा कान उशीत दाबला गेला आणि त्या कानात एकदम बेस आला. मान उचलली, गेला. परत टेकवली, आला. उठून बसलो, दोन्ही बड बोटांनी आत दाबून धरले आणि तेच गाणं पहिल्यापासून लावलं, तर डग्ग्यावर मनगट घासून काढलेली ती घुमक, जी गेले दोन दिवस गायब होती, ती कानाच्या आत, अगदी घशापर्यंत जाणवली. पाचेक मिनिटं तसाच बसलो होतो, दोन बोटं दोन कानांत. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं याला कोणाचं तरी बोलणं ऐकायचं नाहीये.

म्हणून त्या पहिल्या जोडीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. बॉक्समधून निघताना जी मधल्या साइजची रबराची टिप लावून आली होती ती माझ्या उजव्या कानात बरोबर बसत होती आणि डाव्यात नव्हती. बस एवढंच. तीन आठवडे मी इअरफोन निवडत होतो आणि कान नावाची काही भानगड यात असते हे डोक्यातच आलं नव्हतं.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की अर्धी खरेदी सोपी होते. इन-इअर म्हणजे छोटासा पडदा आणि तुमच्या कानाचा पडदा यांच्यामधे कोंडलेली थोडीशी हवा. पडदा केवढासा, हवा केवढीशी, पण बंद आहे म्हणून खर्जाचा दाब तयार होतो. कुठेतरी केसाएवढी फट राहिली की खालचे स्वर तिथूनच निसटतात, वरचे तेवढे उरतात, आणि मग जे ऐकू येतं त्याला आपण टिनपाट म्हणतो. म्हणजे बेस इअरफोनमधे असतो हे अर्धंच खरं, उरलेला अर्धा बेस त्या रबराच्या टोपीत असतो. आणि ती फट डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, कानात टिप घट्ट बसलीये असंच वाटत राहतं, तीच गंमत आहे.

कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि सात-एक मिलिमीटर रुंद, पण ती पाइपसारखी सरळ नाही, वाकडी आहे, आणि गोल पण नाही, चपटी आहे. आणि टिप असते गोल. शिवाय दोन कान सारखे असतीलच असं काही नाही, बऱ्याच जणांचे नसतात. मला वाटायचं की दोन्हीकडे एकच साइज लावायची असते, बुटासारखी. डाव्याला मोठी लावली, उजव्याला मधली ठेवली, झालं काम. पाच मिनिटांचं काम होतं ते, आणि मी तीन आठवडे ग्राफ बघत होतो.

सील बसलंय का, म्हणजे टिप फट न ठेवता बसलीये का, ते ओळखायची माझी पद्धत सांगतो. एखाद्या टोन वाजवणाऱ्या अ‍ॅपवर तीस-चाळीस हर्ट्झचा स्वर लावायचा, आवाज हळू ठेवायचा, आणि ऐकायचं. सील असेल तर तो स्वर डोक्याच्या मधोमध सलग घुमतो. एका बाजूला सरकला तर दुसऱ्या कानात फट आहे. मग तोंड उघडायचं, जांभई द्यायची, मान वळवायची, कारण जबडा हलला की कानाची नळी पण आकार बदलते, आणि गप्प बसून ऐकताना झकास वाटणारी टिप बोलायला लागलं की सुटते. मी दुसरी जोडी घेताना जांभया देत देत घेतली, खरंच.

घालायची पण एक रीत आहे. डाव्या कानात घालायचं असेल तर उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी जरा सरळ होते, मग बड थोडा फिरवत आत न्यायचा आणि पाळी सोडून द्यायची. आधी मी नुसता अंगठ्याने ढकलायचो. फोमच्या टिप असतील तर त्या आधी दोन बोटांत वळून बारीक करायच्या, वात वळतो तशा, आत घालायच्या आणि फुगेपर्यंत धरून ठेवायच्या. वीस-तीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात बाहेरचं जग कोणीतरी हळूहळू आवाज कमी केल्यासारखं दूर जातं, ते मला अजून आवडतं. काढताना मात्र हळू, जरा फिरवत, सटकन ओढलं तर कानात दडा बसल्यासारखं होतं.

रबर की फोम, यावर लोक भांडतात. माझं मत असं की ज्याच्या कानात रबर नीट बसतं त्याने फोमच्या वाटेला जाऊ नये, फोम मळतो, काही महिन्यांत पिचतो आणि नवीन घ्यावा लागतो, आणि वरच्या स्वरांची धार थोडी खातो. पण ज्याचा कान माझ्या डाव्यासारखा आडमुठा आहे त्याला फोम म्हणजे देवच भेटला, तो कुठल्याही आकारात जाऊन बसतो. आणि इअरफोन जर चिरका असेल तर ती धार खाल्लेली बरीच वाटते. रबरात पण परत प्रकार आहेत, तोंड रुंद असलेली टिप, अरुंद असलेली, दोन मजली, तीन मजली. रुंद तोंडाची लावली की आवाज जरा मोकळा होतो असा माझा अनुभव. फायनल नावाच्या कंपनीच्या टाइप ई टिप पाच साइजमधे मिळतात, बहुतेक बॉक्समधे तीनच साइज येतात त्यामुळे ज्याचा कान दोन साइजच्या मधे अडकलाय त्याला त्या उपयोगी. स्पिनफिट कंपनीच्या टिपचं डोकं दांड्यावर हलतं त्यामुळे वाकड्या नळीत ती आपली आपण वळते. नवा इअरफोन घ्यायच्या आधी नव्या टिप घेऊन बघा हे मी आता इतक्या लोकांना सांगितलंय की ते मला टाळायला लागलेत.

बरं मग दुसरी जोडी का घेतली, पहिली तर सुधारली. सुधारली, पण आता तासभर ऐकता यायला लागलं आणि तासाभरानंतर कान दुखायला लागला. टिप नाही टोचत, टिप जिच्यावर चढवतात ती इअरफोनची नळी टोचते, म्हणजे नोझल. पहिलीचं नोझल सहा मिलिमीटरच्या आसपास होतं, त्यावर टिपची जाडी, आणि माझ्या कानाचं भोक काही एवढं उदार नाही. हे कुठल्याही बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. ड्रायव्हर किती, फ्रिक्वेन्सी किती, वायर कुठल्या धातूची, सगळं लिहिलेलं, आणि जो भाग माझ्या अंगात घुसणार आहे त्याची जाडी शोधायला मला लोकांच्या कॉमेंटी चाळाव्या लागल्या.

म्हणून दुसऱ्या वेळी उलटीकडून सुरुवात केली. आधी नोझल बारीक असलेले कुठले ते बघितलं, मग त्यातल्या कुठल्याचा आवाज आवडतो ते. एटिमोटिक कंपनीचे बघितले, ही इन-इअरमधली जुनीजाणती मंडळी, यांचा ईआर-4 हा इअरफोन 1991 मधे आला. नोझल बारीक पण त्याची तीन मजली टिप जी खोल जाते, ती खोल म्हणजे खोल, घातली की वाटतं आता ही दुसऱ्या कानातून निघणार. आवाज मात्र असा स्वच्छ की तानपुऱ्याच्या चार तारा चार वेगवेगळ्या ठिकाणी लावल्यासारख्या. दहा मिनिटं ऐकलं, मान डोलावली, परत दिला. रोज सकाळी एवढं खोल काही घालायची माझी तयारी नाही, ज्यांची आहे ते सुखी लोक आहेत.

शेवटी घेतला शुअर कंपनीचा एसई 215. नवीन नाही, बरीच वर्षं बाजारात आहे, एका कानाला एकच डायनॅमिक (छोट्या स्पीकरसारखा पडदा हलवणारा) ड्रायव्हर, ज्यांना बॉक्सवर बारा ड्रायव्हर बघायला आवडतं त्यांनी पुढे वाचू नका. बारीक नोझल, चपटी बॉडी जी कानाच्या वाटीत आडवी बसते आणि बाहेर येत नाही, त्यामुळे कुशीवर झोपून पण ऐकता येतं, हे कुठल्याच स्पेसिफिकेशनमधे नसतं. वायर कानावरून मागे जाते. पहिला आठवडा रोज सकाळी घालताना माझी त्रेधा, डावं कुठलं उजवं कुठलं, वायर कुठून, चष्म्याच्या काडीच्या वरून की खालून (आधी इअरफोन, मग चष्मा, हे उत्तर मला चौथ्या दिवशी मिळालं). पण त्या मागून जाण्याचा फायदा असा की वायर शर्टाला घासली तरी तो खरखर आवाज कानात येत नाही, आधीच्या सरळ लोंबणाऱ्या वायरीत चालताना प्रत्येक पावलाला कोणी माइकवर टिचक्या मारतंय असं वाटायचं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, इथे कानामागून गेली आणि गोड झाली.

वायर निघते, एमएमसीएक्स नावाचं काढता-लावता येणारं कनेक्शन आहे, म्हणजे उद्या वायर तुटली तर नुसती वायर बदलायची. माझे आजवरचे सगळे इअरफोन जॅकपाशी वायर तुटून मेलेत, आवाजाने एकही मेला नाही, त्यामुळे मला ही गोष्ट आवाजाइतकीच मोठी वाटते.

आवाज. उबदार आहे, खालून भरलेला. बेस गिटारची ओळ पूर्ण ऐकू येते, डग्गा डोक्यात गोल फिरतो, माणसाचा आवाज जरा पुढे आणि जाडसर. वरचे स्वर मऊ. झांजेवर काठी पडल्यावर जी चमक उडते ती यात कमी, ज्याला तीच हवी असेल त्याने दुसरीकडे बघावं, मला नको होती कारण मी दिवसाचे चार-चार तास ऐकतो आणि चमक तिसऱ्या तासाला डोकेदुखी होते. बासरीतला फुंकरीचा हवेचा आवाज मात्र मला थोडा जास्त चालला असता. फोमच्या टिप काढून रबराच्या लावल्या की तो थोडा परत येतो, मग मी मूडप्रमाणे बदलतो. हो, टिप बदलून आवाज बदलणारा माणूस झालोय मी आता, माझ्यावर हसणारे हसोत.

ड्रायव्हर जास्त म्हणजे आवाज चांगला हे डोक्यातून काढून टाका. मघाशी सांगितलेल्या ईआर-4 मधे एका कानाला एकच ड्रायव्हर, तो पण बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, मुळात श्रवणयंत्रातून आलेला, आणि त्याने भल्याभल्यांना पाणी पाजलं. बॅलन्स्ड आर्मेचर बारकावे छान काढतो, डायनॅमिक हवा ढकलतो म्हणून खर्ज अंगावर येतो असं म्हणतात, ढोबळमानाने ठीक आहे, पण याच्या उलट वाजणारे दोन्हीकडचे आहेत. कसा जुळवलाय ते महत्त्वाचं, किती कोंबलेत ते नाही.

ग्राफबद्दल पण सांगतो, तीन आठवडे घालवलेत तर काहीतरी वसूल होऊ दे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं रेघ सरळ असली की आवाज खरा. तसं नसतं. आपला उघडा कान स्वतःच तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर मोठे करून आतल्या पडद्याला देतो आणि मेंदू जन्मापासून त्यालाच खरं मानतो. कानात बूच मारलं की ती नैसर्गिक वाढ गेली, म्हणून इअरफोनला ती स्वतः भरून द्यावी लागते, ग्राफमधे तिथे टेकडी दिसायलाच पाहिजे, नाहीतर माणसं रजई ओढून गातायत असं वाटतं. टेकडी केवढी आणि बेस किती हे ठरवायला हरमन कंपनीतल्या संशोधकांनी लोकांना ऐकवून ऐकवून एक सरासरी पसंतीची रेघ काढली, ती बरेच जण प्रमाण धरतात, आणि सुरुवातीला अंदाज घ्यायला ती चांगली आहे. पण आठ हजारच्या आसपास जो टोकदार सुळका दिसतो त्याच्यावर भांडू नका, तो बराचसा मोजायच्या यंत्राच्या नळीचा असतो, बड किती आत गेला त्यावर सरकतो, आणि तुमच्या कानात तो भलतीकडेच असेल. ग्राफ बघून माझ्या कानात कसं वाजेल ते सांगणारे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. मी पण त्यातलाच होतो.

दोन जोड्या शेजारी शेजारी ऐकणार असाल तर आवाजाची पातळी सारखी करा, ही एकच गोष्ट पाळली तरी पुष्कळ. जो जरासा मोठा वाजतो तो चांगला वाटतो, कानाला लबाडी कळत नाही. आणि ऐकवायला ठेवलेल्या चकाचक गाण्यांवर जाऊ नका, जे गाणं तुम्ही शंभर वेळा ऐकलंय, ज्यात कुठे गायक श्वास घेतो ते माहीत आहे, तेच लावा. शंभर तास वाजवून ठेवा मग आवाज खुलेल असं कोणी सांगितलं तर हो म्हणा आणि परत करायची मुदत किती दिवस आहे ते आधी विचारा, खुलतो तो बहुतेक आपला कान, सवयीने.

वायरलेसवाल्यांसाठी दोन वाक्यं. कोडेकवरून, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवरून, झोप उडवू नका, त्यातला एलडॅक सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत जातो हे खरं, पण फट असलेल्या टिपमधून 990 चा पण बेस तसाच पळतो. उलट अ‍ॅपलने 2019 च्या एअरपॉड्स प्रो मधे टिप नीट बसली का ते तपासायची सोय दिली, आतला माइक आवाज ऐकून सांगतो, ही मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटली आणि ती सगळ्यांनी उचलायला हवी. माझ्या फोनला जॅक नाही त्यामुळे शेपटीसारखा एक डोंगल लोंबतो, त्याची लाज वाटायची बंद झाली.

सील नीट बसल्याचा एक तोटा आहे आणि तो कोणी सांगत नाही. आपलाच आवाज डोक्यात घुमतो, चालताना पावलं धप धप, काही कुरकुरीत चावलं तर बोलूच नका. फोनवर बोलताना मी एक बड काढतो. आणि बाहेरचं काही ऐकू येत नाही, शुअरवाले 37 डेसिबलपर्यंत आवाज अडतो म्हणतात, मी मोजला नाही, पण रस्त्यावर चालताना मी एक कान मोकळा ठेवतो म्हणजे ठेवतोच. याचा फायदा असा की गोंगाटात पण आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास एवढी मर्यादा सांगते, आधीच्या सैल बडमधे मी गाडीच्या आवाजावर मात करायला किती वर न्यायचो ते आठवलं की कसंतरी होतं.

मधे एकदा उजवी बाजू हळू वाजायला लागली. झालं, गेला, म्हटलं. वायर बदलून बघितली, फोन बदलून बघितला, दुसऱ्या दिवशी टिप काढून उजेडात धरलं तर नोझलच्या तोंडाशी मळ. माझाच. तोंड खाली धरून कोरड्या ब्रशने हळू झटकला, पाणी नाही, फुंकर नाही, आणि आवाज परत आला. आता महिन्यातून एकदा करतो, किळसवाणं आहे पण काय करणार.

पहिली जोडी तशीच पडून होती, ती ताईला दिली. जुन्या टिप काढून टाकल्या, बॉक्समधल्या न वापरलेल्या लहान साइजच्या लावल्या, पाळी कशी ओढायची, जांभई कशी द्यायची सगळं शिकवायला बसलो. ती म्हणाली, "अरे हो की, इअरफोनच आहे ना, घालते मी," आणि एका हाताने सरळ आत सरकवला, दोन्ही कानांत एकदम फिट. दोन गाणी ऐकली. मग एक बड काढून मला म्हणाली, "बाकी छान आहे रे, पण बेस जरा जास्तच नाही का?"